वितळणारच नाही असं अणुइंधन असतं का?

परवा रात्री व्हॉट्सअॅपवर एका मुलीचा निरोप आला. सोलापुरातच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचे पूर्व भागात आठ यंत्रमाग आहेत, चादरी आणि टॉवेल काढतात. तिनं लिहिलं होतं: “काका, फुकुशिमानंतर न वितळणारं अणुइंधन तयार झालंय असं वाचलं. खरं आहे का? असेल तर आपल्या अणुभट्ट्यांत ते का घालत नाहीत? आणि जिच्या घरात कापडाशिवाय दुसरा विषय नाही, अशा मुलीला या कामात काही जागा आहे का?”

मी तीस वर्षं हैदराबादला अणुइंधन बनवण्याच्या कामात काढली. आधी पेलेटच्या म्हणजे इंधनाच्या वड्यांच्या विभागात, नंतर त्या ज्यांत भरतात त्या नळ्यांच्या तपासणीत. निवृत्तीनंतर गावी परत आलो. व्हॉट्सअॅपवर दोन ओळींत भागण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. वितळणारच नाही असं इंधन नाही. जे तयार होतंय ते उशिरा बिघडणारं आहे आणि बिघडताना कमी हायड्रोजन सोडणारं आहे. त्याला अॅक्सिडेंट टॉलरंट फ्युएल, एटीएफ म्हणतात. मराठीत मी अपघात-सहनशील इंधन म्हणतो, आणि त्यात जोर ‘सहन’ या शब्दावर आहे. सहन करायलाही हद्द असते.

मुळातलं दुखणं आधी समजून घे. अणुभट्टी बंद करणं अवघड नसतं. न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक कांड्या आत गेल्या की काही सेकंदांत साखळी प्रक्रिया थांबते. पण तोवर इंधनात साठलेली किरणोत्सारी मूलद्रव्यं फुटतच राहतात, आणि त्यांची उष्णता कुठल्याही बटणानं बंद होत नाही. बंद केल्याक्षणी ती पूर्ण शक्तीच्या साधारण ६ ते ७ टक्के असते, तासाभरानं दीड टक्क्याच्या आसपास, दिवसानंतर अर्धा टक्का. टक्के ऐकून काही वाटत नाही, म्हणून सोलापूरच्या हिशेबात सांगतो. १००० मेगावॉट वीज देणारी भट्टी आत ३००० मेगावॉट उष्णता तयार करते. तिचा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. एवढी उष्णता नुसतं पाणी उकळवून काढायची तर तासाला २० टनांहून थोडं जास्त पाणी लागतं. मे महिन्यात गल्लीत येतो तो १० हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आण. भट्टी बंद होऊन दिवस उलटला तरी तासाला २ टँकर. पहिल्या तासाच्या शेवटी तर तासाला ६ टँकरांचा वेग. रात्रंदिवस, आणि तेही वीज गेलेली असताना.

जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुकेंद्रात ११ मार्च २०११ ला नेमकं हेच घडलं. भूकंप झाला तेव्हा भट्ट्या नीट बंद झाल्या. पाऊण-एक तासानं त्सुनामीचं पाणी आत शिरलं, डिझेल जनरेटर बुडाले, वीज गेली. पहिल्या युनिटमधलं इंधन त्याच संध्याकाळी उघडं पडलं. दुसऱ्या युनिटमध्ये वाफेवर चालणारा एक पंप जवळजवळ तीन दिवस टिकला, पण अखेर तोही थांबला. आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तेव्हा घरातली बाई टाकी किती दिवस पुरेल हाच हिशेब करत असते. अपघातात अणुभट्टीचा हिशेबही तोच असतो: पाणी परत येईपर्यंत आतलं इंधन तग धरेल का? एटीएफचं सगळं काम या मधल्या वेळेत आहे. पाण्याशिवाय कायमचं जगेल असं इंधन पाण्याच्या भट्टीत नसतं, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्यानं आकडा दाखवावा.

आता नळीकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

युरेनियम डायऑक्साइडचे पेलेट काळे, गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढे असतात. आपल्या २२० मेगावॉटच्या भट्टीतला एक पेलेट अडीच तोळ्यांच्या आसपास भरतो. मी कामाला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं दिव्याखाली ट्रेमध्ये हे पेलेट फिरवून कडेला टवका उडालाय का हेच बघत होतो. असे २८-३० पेलेट एका झिर्कोनियमच्या नळीत भरायचे, दोन्ही टोकांना टोप्या वेल्ड करायच्या, अशा १९ कांड्या एकत्र बांधल्या की एक बंडल. तुझ्या घरात कांडी भरणं म्हणजे धोट्यासाठी सूत गुंडाळणं. आमच्याकडेही कांडी भरणं हाच शब्द होता.

नळी झिर्कोनियमचीच का? कारण साखळी प्रक्रिया चालवणारे न्यूट्रॉन हा धातू जवळजवळ खातच नाही, ३०० अंशांच्या पाण्यात वर्षानुवर्षं गंजत नाही, आणि ताकदीलाही पुरेसा आहे. किनाऱ्यावरच्या वाळूतल्या झिर्कॉनमधून तो काढायचा आणि त्याच्याबरोबर कायम सापडणारा हाफ्नियम बाजूला करायचा, कारण हाफ्नियम न्यूट्रॉनचा खादाड आहे. एवढी मेहनत घेतली की रोजच्या कामाला झिर्कोनियमसारखी नळी नाही. नेहमीच्या तापमानात ती पन्नास-साठ वर्षं उत्तम चालली आहे. माझं आयुष्य त्या नळीवर गेलं, मी तिला नावं ठेवणार नाही.

पण तापमान चढलं की याच धातूचं रूप पालटतं. वाफेतला ऑक्सिजन तो ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा सोडतो. १२०० अंशांच्या पुढे हा वेग इतका वाढतो की या क्रियेतून निघणारी उष्णताच नळी आणखी तापवते, आणि तापलेली नळी आणखी जोरानं वाफ खाते. एक किलो झिर्कोनियम पूर्ण जळलं की सुमारे साडेसहा मेगाज्यूल उष्णता निघते, म्हणजे पावणेदोन युनिट वीज. आणि त्यासोबत सुमारे अर्धा घनमीटर हायड्रोजन, घरातली २०० लिटरची अडीच पिंपं भरतील एवढा. मोठ्या भट्टीच्या गाभ्यात असं झिर्कोनियम वीस टनांच्या वर असतं. १२ मार्चला पहिल्या आणि १४ ला तिसऱ्या युनिटची इमारत वरून उडाली, तो अणुस्फोट नव्हता. नळ्यांनी वाफेतून काढलेला हायड्रोजन वर साठला आणि पेटला. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडला जवळपास निम्मा गाभा वितळला, तेव्हाही हायड्रोजन याच वाटेनं आला होता.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, अर्थात बोटभर तुकड्यावर. प्रयोगशाळेतल्या क्वार्ट्झच्या नळीत झिर्कोनियमचा चकचकीत तुकडा टांगला होता, हजार अंशांची वाफ दीड तास सोडली. बाहेर काढला तेव्हा त्यावर करडा-पांढरा, खडबडीत, भेगाळलेला थर होता. चिमट्यात धरून टेबलावर ठेवताना काचेच्या बांगडीसारखा कट्‌ आवाज झाला आणि तुकड्याचे दोन झाले. नुसता वितळण्याचा आकडा बघणाऱ्यांना हे कळत नाही. झिर्कोनियम १८५० अंशांना वितळतो, पण त्याच्या कितीतरी आधी तो ठिसूळ होऊन कामातून जातो. अपघातात नळीचं तापमान १२०४ अंशांच्या वर जाता कामा नये, हा अमेरिकी नियम १९७०च्या दशकापासून आहे. आकडा विचित्र वाटतो, कारण मूळ नियमात तो २२०० अंश फॅरनहाइट आहे. त्याच नियमात नळीच्या जाडीच्या १७ टक्क्यांहून जास्त भाग गंजता कामा नये असंही आहे. दोन्ही कलमांमागे हीच ठिसूळपणाची भीती आहे.

म्हणून २०१२ पासून अमेरिकी सरकारनं पैसा दिला, आणि वेस्टिंगहाउस, फ्रामाटोम, जीई या तिन्ही इंधन बनवणाऱ्यांनी कामाला सुरुवात केली. रशिया, जपान, कोरिया, चीनही आपापल्या वाटेनं निघाले.

सगळ्यात जवळचा उपाय म्हणजे त्याच नळीवर बाहेरून क्रोमियमचा लेप. जाडी १० ते २० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या पाव भागापेक्षाही कमी. निर्वात कक्षात क्रोमियमचे कण उडवून तो बसवतात किंवा भुकटी प्रचंड वेगानं थंडच फवारतात. त्याच वाफेत असा तुकडा ठेवला तर तो बाहेर येतो तेव्हा त्यावर हिरवट काळी झाक असते, आणि पोत जवळजवळ पहिल्यासारखा. क्रोमियम ऑक्साइडचा तो हिरवा रंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसलो होतो. गंजण्याचा वेग दहा पटींनी, कधी त्याहूनही जास्त कमी होतो. रोजच्या चालण्यातही फायदा: नळी कमी झिजते, तिच्यात हायड्रोजन कमी मुरतो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्होग्टल २ आणि बायरन २ या चालू भट्ट्यांत अशा लेपाच्या चाचणी-कांड्या गेल्या, २०२१ मध्ये रशियानं रोस्तोव्ह २ मध्ये आपल्या घातल्या. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत प्रत्यक्ष वापरात येईल तो हाच उपाय.

त्याची हद्दही सांगतो. सुमारे १३३० अंशांना क्रोमियम आणि झिर्कोनियम एकमेकांत मिसळून पातळ होतात, त्यापुढे लेपाचा उपयोग संपतो. दुसरं म्हणजे लेप फक्त बाहेरून आहे. पाण्याचा दाब गेला की ७००-९०० अंशांच्या आसपास नळी आतल्या वायूच्या दाबानं फुग्यासारखी फुगते आणि फुटते. मग वाफ आत शिरते आणि उघडी आतली बाजू खायला लागते. म्हणजे लेपानं वेळ मिळतो, पण मोजका.

दुसरी वाट लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. हा धातू तू पाहिलेला आहेस. भट्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘कँथल वायर’ मागितली की मिळते ती हीच. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये हीटरसाठी निघाली. लाल होऊन वर्षानुवर्षं हवेत तापते तरी जळत नाही, कारण तापल्यावर तिच्या अंगावर अॅल्युमिनाची पातळ, घट्ट कातडी येते. अणुभट्टीसाठी त्यात क्रोमियम कमी करावं लागतं, नाहीतर न्यूट्रॉनच्या माऱ्यात धातू ठिसूळ होतो. वाफेतली तिची कामगिरी अप्रतिम आहे. पण ती १५०० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे झिर्कोनियमच्याही आधी. गंजणं थांबवलं, वितळण्याची पायरी खाली आणली, असा सौदा आहे. त्यात लोखंड न्यूट्रॉन खातं, म्हणून नळी पातळ करायची आणि इंधन जास्त समृद्ध करायचं, म्हणजे त्यातलं कामाचं युरेनियम-२३५ वाढवायचं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या हॅच केंद्रात अशा नळ्यांचे नमुने चालू भट्टीत गेले. व्यापारात मात्र मला हिचं भविष्य फार मोठं दिसत नाही.

तिसरी वाट तुझ्या घरातून जाते, म्हणून तिथे थांबतो.

सिलिकॉन कार्बाइड म्हणजे साणेच्या दगडातला कठीण काळा पदार्थ. तो वितळतच नाही, २७०० अंशांच्या आसपास त्याचं विघटन होतं. वाफेत तो झिर्कोनियमपेक्षा शेकडो पटींनी हळू गंजतो. न्यूट्रॉनही झिर्कोनियमइतकेच कमी खातो. पण नुसत्या सिलिकॉन कार्बाइडची नळी म्हणजे चिनी मातीची बरणी, एक तडा गेला की संपली. म्हणून त्याचे धागे काढतात. एक धागा सुमारे १० मायक्रॉनचा. त्या धाग्यांची नळीच्या आकारात वेणी घालतात. पायजम्याची नाडी आतून पोकळ विणलेली असते, तशीच. मग ती वेणी भट्टीत ठेवून गरम वायू सोडतात, आणि त्या वायूतून सिलिकॉन कार्बाइड धाग्यांच्या मधल्या फटींत जमत जातं. त्याआधी प्रत्येक धाग्यावर कार्बनचा अगदी नाजूक थर दिलेला असतो, आणि सगळी करामत त्या थरात आहे. तडा पसरत धाग्यापाशी आला की धाग्यात न शिरता त्या मऊ थरावरून वळतो. धागा तुटायच्या ऐवजी थोडा सरकतो. कापड फाटताना सरळ न फाटता एखाद्या जाड धाग्यापाशी अडकतं, तुझ्या वडिलांना हे मी समजावून सांगायची गरज नाही. याच जातीचे भाग जीईच्या भागीदारीत बनणाऱ्या लीप विमान-इंजिनात २०१६ पासून उडत आहेत.

मग अडलंय कुठे? इंजिनात वायू थोडा झिरपला तर चालतं. इंधनाच्या नळीत एक रेणूही बाहेर येता कामा नये, आत किरणोत्सारी वायू असतो. वेणीची नळी तुटत नाही हे खरं, पण ताणल्यावर एक सहस्रांश लांबतानाच तिच्यात केसासारखे तडे पडतात. नळी उभी राहते, भार पेलते, आणि गळते. आमच्या हिशेबात गळणारी नळी म्हणजे फुटलेली नळी. त्यावर किरणांचा परिणाम असा की थंड बाजू जास्त फुगते आणि गरम बाजू कमी, म्हणून पाण्याकडची बाहेरची बाजू आतल्या बाजूला ताणते. आणि टोपी लावायची कशी? झिर्कोनियमची टोपी आम्ही वेल्ड करायचो, एका कांडीला काही क्षण. सिलिकॉन कार्बाइड वेल्ड होत नाही. ३०० अंशांच्या पाण्यात त्याच्यावरची सिलिका हळूहळू विरघळते, हेही आहेच. माझ्या मते सगळ्या पर्यायांत हाच सर्वांत मोठी झेप देणारा आहे, आणि हाच सर्वांत लांब आहे. ज्याला नळीला टोपी लावण्याची खात्रीची रीत सापडेल तो या क्षेत्रात मोठं काम करेल.

पेलेटबद्दल थोडक्यात. आजच्या पेलेटचं मोठं दुखणं म्हणजे उष्णता त्यातून नीट वाहत नाही. पृष्ठभाग ४०० अंशांवर असताना मध्यभाग हजाराच्या पुढे असतो. क्रोमियम ऑक्साइडची चिमूट घातली की भाजताना आतले स्फटिक-कण मोठे होतात आणि वायू आतच जास्त धरून ठेवतात. हे इंधन आज वापरात आहे. युरेनियम नायट्राइड उष्णता कितीतरी चांगली वाहून नेतं आणि त्यात युरेनियमही ४० टक्के जास्त बसतं. पण नळीला भोक पडलं तर गरम पाण्यात ते टिकत नाही. शिवाय साध्या नायट्रोजनपासून किरणोत्सारी कार्बन बनतो, तो टाळायला नायट्रोजन-१५ वेगळा काढावा लागतो.

‘न वितळणारं इंधन’ असं तू जे वाचलंस ते बहुधा ट्रायसोबद्दल असावं. त्याची रचना मला फार आवडते. युरेनियमचा अर्ध्या मिलिमीटरचा कण, त्यावर सच्छिद्र कार्बन, मग घट्ट कार्बन, मग सिलिकॉन कार्बाइड, पुन्हा कार्बन. सगळं मिळून राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. प्रत्येक दाणा स्वतःचीच बंद टाकी. असे सुमारे १२ हजार दाणे ग्राफाइटमध्ये घट्ट बसवून ६ सेंटिमीटरचा गोळा करतात, म्हणजे राजगिऱ्याचा लाडूच. १६०० अंशांवर शेकडो तास ठेवूनही हे दाणे आतलं बाहेर सोडत नाहीत. चीनमध्ये शिदाओवान इथे असे गोळे भरलेली भट्टी डिसेंबर २०२३ मध्ये व्यावसायिक चालू झाली. त्याआधी तिथे चालू भट्टीचं थंडावणं मुद्दाम बंद करून ती आपोआप निवते हे दाखवलं. मात्र ती पाण्याची भट्टी नाही, हेलियम वायूनं थंड होते. आणि तिची ताकद इंधनाइतकीच तिच्या आकारात आहे. मोठं भांडं, थोडी शक्ती, म्हणून उष्णता भिंतीतून निघून जाते. आपल्या भट्टीत हे दाणे नेऊन ओतले तर तो गुण सोबत येत नाही.

आता दुसरा प्रश्न: आपल्याकडे का नाही?

कुडनकुळमचं इंधन रशियाकडून येतं, तिथे रशियाचा लेप सिद्ध झाला की तो यायला तांत्रिक अडचण फार नाही. पण आपल्या बहुसंख्य भट्ट्या जड पाण्याच्या, पीएचडब्ल्यूआर. कैगाच्या २२० मेगावॉटच्या, तारापूर ३ आणि ४ या ५४० च्या, काकरापारच्या नव्या ७०० च्या. त्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, ज्यात कामाचं युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. इथे एकेक न्यूट्रॉन मोजून वापरावा लागतो. एक हिशेब स्वतः करून बघ. मंद न्यूट्रॉन खाण्याची क्षमता क्रोमियमच्या एका अणूची सुमारे ३ बार्न (हे ती क्षमता मोजायचं एकक), झिर्कोनियमची ०.१८५. प्रत्येक धातूचे एका घनसेंटिमीटरमध्ये किती अणू बसतात, त्यानं गुण. उत्तर असं येतं की १५ मायक्रॉन क्रोमियम जेवढे न्यूट्रॉन खातं तेवढे खायला जवळपास अर्धा मिलिमीटर झिर्कोनियम लागतं. आणि आपल्या नळीची भिंतच ०.४ मिलिमीटरची आहे. म्हणजे हा लेप न्यूट्रॉनच्या बाबतीत आणखी एक अख्खी नळी चढवल्यासारखा पडतो, थोडा जास्तच. समृद्ध इंधनाच्या भट्टीत हे थोडं जास्त समृद्ध करून भरून काढता येतं. आपल्याकडे बंडल लवकर बदलावं लागेल आणि वापरलेलं इंधन वाढेल.

कारखान्यातल्या अडचणी वेगळ्याच. आपल्या नळीवर छोटे पॅड आणि स्पेसर वेल्ड केलेले असतात. लेप आधी द्यायचा की वेल्ड आधी? वेल्डमध्ये क्रोमियम मिसळलं तर तो सांधा कसा वागेल? चालू भट्टीत बंडल ढकलताना हे पॅड दाबनळीवर, म्हणजे बंडलं ज्या मोठ्या नळीत असतात तिच्यावर, घासतात. त्यांच्यावर कठीण क्रोमियम असेल तर जी दाबनळी पंचवीस-तीस वर्षं टिकायला हवी तिच्यावर ओरखडे उठतील का? यांची उत्तरं कागदावर मिळत नाहीत.

दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर या भट्टीला जन्मतःच एक आधार आहे. इंधनाच्या प्रत्येक नलिकेभोवती कमी दाबाचं, ६०-७० अंशांचं जड पाणी असतं आणि त्याच्याबाहेर साध्या पाण्याचा हौद. मुख्य पाणी गेलं तरी उष्णतेला जायला जागा उरते. म्हणजे घरात दोन टाक्या जास्तीच्या आहेत. म्हणून आपल्याकडे लेपाची घाई करण्यापेक्षा त्या टाक्यांत बाहेरून पाणी सोडायची सोय चोख ठेवणं जास्त मोलाचं, हे माझं ठाम मत आहे. लेपाची कल्पनाही आपल्याला नवी नाही. आपल्या नळीला आतून काही मायक्रॉनचा ग्राफाइटचा लेप असतो, पेलेट आणि नळी एकमेकांना चिकटून तडा जाऊ नये म्हणून.

थोरियमची वाटही ध्यानात ठेव. थोरियम डायऑक्साइड ३३०० अंशांच्या पुढे वितळतं, उष्णता बरी वाहून नेतं आणि आणखी गंजत नाही, कारण गंजायला त्यात काही उरलेलंच नसतं. काकरापारच्या पहिल्या भट्टीत सुरुवातीला शक्ती सारखी पसरावी म्हणून थोरियमची बंडलं घातली होती. सध्या थोरियम आणि जास्त समृद्ध युरेनियम यांचं पीएचडब्ल्यूआरसाठीचं मिश्रण अमेरिकेतल्या एका कंपनीनं पुढे आणलं आहे. अनिल काकोडकरांच्या नावावरून त्याला ‘अनील’ म्हणतात. इडाहोच्या चाचणी-भट्टीत त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. पीएचडब्ल्यूआरला जुळणाऱ्या वाटांमध्ये ती मला लेपापेक्षा जवळची वाटते.

एक काळजी बोलून दाखवतो. परदेशात लेपाच्या नळीबरोबर दुसरी मागणी जोडून येते आहे: इंधन जास्त समृद्ध करू, भट्टीत जास्त काळ ठेवू, भट्टी दोन-दोन वर्षं न थांबवता चालवू. पैशाच्या दृष्टीनं बरोबर आहे, त्याशिवाय कंपन्या नवं इंधन घेणार नाहीत. पण फार जळलेला पेलेट अपघातात तापला की त्याचा भुगा होतो आणि फुटलेल्या नळीतून तो बाहेर पडू शकतो. स्वीडनमध्ये स्टुड्सविकला झालेल्या चाचण्यांनी हे स्पष्ट दाखवलं. बाहेरचा लेप त्यावर काहीही करत नाही. म्हणजे लेपानं जो वेळ कमावला तोच जास्त जाळण्यात खर्च व्हायचा. नियामकांनी हे दोन हिशेब वेगळे ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं.

आणि वेळ. नवं इंधन सिद्ध व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, कारण नमुना चार-पाच वर्षं भट्टीत राहायला हवा, मग निवायला हवा, मग जाड शिशाच्या काचेमागे यांत्रिक हातांनी कापून बघायला हवा. ही वर्षं कमी करता येत नाहीत. त्यात चाचणीच्या भट्ट्या कमी होत आहेत. नॉर्वेतली हाल्डेनची भट्टी २०१८ मध्ये कायमची बंद झाली, सगळ्या जगाचं नुकसान झालं. कुणी मला म्हणतं, “एवढा उशीर का?” तेव्हा मी त्या ट्रेमधल्या पेलेटची आठवण काढतो. टवक्याएवढी चूक, पेलेटमध्ये राहिलेला किंचित ओलावा, एवढ्यावर नळी आतून सडते. ते कळायला भट्टीतले महिने जावे लागतात.

तुझा तिसरा प्रश्न राहिला. जागा आहे, आणि ती तुझ्याच घरात सुरू होते. प्रोजेक्टसाठी महागडं काही नको. काचेच्या धाग्याची पोकळ वेणी घाल, दोन कोनांत घाल, एक ३० अंशांची आणि एक ५५ ची. तुझ्या वडिलांना धाग्याचा ताण सारखा कसा ठेवायचा हे विचार, कारण एक धागा सैल राहिला की सगळी नळी तिथूनच जाते. हातमोजे आणि मास्क लाव, काचेचा धागा फुप्फुसाला वाईट. इपॉक्सी भरून नळी कडक कर. दोन्ही टोकं बंद करून आत सायकलच्या पंपानं थोडीशीच हवा भर, डोळ्यांना चष्मा लाव, नळीला बाहेरून साबणाचं पाणी लाव आणि कॉलेजच्या यंत्रावर हळूहळू ताण. पहिला बुडबुडा कुठल्या भाराला आला ते लिही. नळी कुठल्या भाराला तुटली तेही लिही. या दोन आकड्यांमधलं अंतर कोनाप्रमाणे कसं बदलतं, एवढंच शोध. टोपी कशानं चिकटवलीस, त्यापाशी गळलं की मध्येच, तेही नोंदव. दहा नळ्या झाल्या की वही घेऊन ये, शनिवारी संध्याकाळी मी घरीच असतो.